बाहेरच्या मॉनिटरवर अक्षरं धूसर का दिसतात?

(पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकायला अगदी छोटा आहे. लॅपटॉपला किंवा सीपीयूला बाहेरून मॉनिटर जोडला, चित्र आलं, पण अक्षरं फुगलेली, पुसट, आडवी ताणलेली. किंवा सेटिंगमध्ये जाऊन बघावं तर हवं ते रेझोल्यूशन यादीत नाहीच. छोटा विषय खरा, पण त्यापायी पैसे जातात आणि डोळे जातात. आम्ही इथे पुंडलिकनगरात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे संगणक बघून देतो, तेव्हा ठरलेलं वाक्य कानावर येतं: "मॉनिटर गेलाय वाटतं, नवाच घ्यावा लागेल." आणि बहुतेक वेळा मॉनिटरला काहीही झालेलं नसतं. शंभर-दोनशे रुपयांच्या केबलमुळे किंवा फुकटच्या एका सेटिंगमुळे आठ-दहा हजारांची खरेदी होऊ घातलेली असते.

यात कोणकोण अडकतं ते बघा. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत काम करणारे आणि घरूनही हिशेब-ड्रॉइंग बघणारे लोक. मराठी टायपिंगच्या ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट परीक्षांची तयारी करणारी मुलं. ती रोज तास-दोन तास पडद्यावरचा उतारा वाचत टाइप करतात. ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रं, जिथे दाखल्यावरच्या नावात 'भ'चा 'म' झाला किंवा 'घ'चा 'ध' झाला तर त्या माणसाला पुढे महिनाभर हेलपाटे. आणि निवृत्त मंडळी, ज्यांना वाटतं की आपलीच नजर अधू झाली. चष्म्याचा नंबर तपासून येतात, नंबर तोच असतो. दोष पडद्यावरच्या ठिपक्यांचा असतो.

तर आधी ठिपके समजून घेऊ. मॉनिटरच्या काचेमागे ठिपक्यांची पक्की जाळी असते. फुल एचडी मॉनिटर म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. ही जाळी कारखान्यात बनली, ती बदलत नाही. जुन्या ठोकळ्या मॉनिटरमध्ये, म्हणजे मागे पोट असलेल्या सीआरटीमध्ये, रेझोल्यूशन बदललं तरी चित्र बऱ्यापैकी स्वच्छ दिसायचं, कारण तिथे इलेक्ट्रॉनचा झोत होता, पक्की जाळी अशी नव्हती. सपाट मॉनिटरला मात्र एकच रेझोल्यूशन मानवतं. आता अनेक जुन्या लॅपटॉपचं रेझोल्यूशन असतं १३६६ बाय ७६८. ते चित्र १९२० बाय १०८० च्या जाळीवर पसरवायचं म्हणजे चित्रातला प्रत्येक ठिपका जाळीवरच्या १.४ ठिपक्यांवर बसवायचा. ठिपक्याचे तुकडे होत नाहीत. मग मॉनिटर शेजारच्या ठिपक्यांत अर्धवट रंग भरून वेळ मारून नेतो. त्यालाच आपण धूसर म्हणतो.

इंग्रजीपेक्षा मराठीला याचा त्रास जास्त होतो, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. रोमन अक्षर बहुतेक एका पट्ट्यात मावतं. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली ऱ्हस्व-दीर्घ उकार, रुकार, मध्ये जोडाक्षर. त्याच उंचीत तीन मजले. बारा-तेरा ठिपक्यांच्या उंचीत 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक दाखवायचा असतो. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. देवनागरी पडद्यावर वाचता यावी यासाठी त्यात किती विचार केला असेल याची कल्पना अक्षरं मोठी करून पाहिली की येते. आणि आपण काय करतो, तर चुकीच्या रेझोल्यूशनवर सगळा शिरा करून टाकतो.

पण त्याच मराठीचा आपल्याला फायदाही आहे. आपल्या लिपीतच एक आडवी रेघ आहे, शिरोरेषा. आणि उभी रेघ आहे, काना. कोणतंही उपकरण न आणता यावरून निदान होतं. आम्ही कुठे गेलो की पहिल्यांदा हेच करतो. एखाद्या साध्या एडिटरमध्ये मराठीचा एक परिच्छेद उघडायचा, सात-आठ ओळींचा, झूम न करता. मग डोळे जवळ नेऊन बघायचं.

शिरोरेषा एका ओळीत गडद, खालच्या ओळीत फिकट आणि जाड, त्याखाली पुन्हा गडद, आणि कानेही पसरलेले: म्हणजे चित्र मॉनिटरच्या मूळ जाळीवर बसलेलंच नाही. रेझोल्यूशनचा प्रश्न. शिरोरेषा सगळीकडे स्वच्छ, पण काने मात्र धूसर, आणि तेसुद्धा पडद्याच्या काही उभ्या पट्ट्यांत जास्त, काहींत कमी: रेझोल्यूशन बरोबर आहे, निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए केबलवर मॉनिटरचं मोजमाप सरकलंय. व्हीजीएमधून येणारा सिग्नल अ‍ॅनालॉग असतो. एका ओळीत कुठे एक ठिपका संपला आणि कुठे दुसरा सुरू झाला हे मॉनिटरला स्वतः ताडावं लागतं. त्याचा ताल चुकला की आडव्या दिशेनं चुकतो, म्हणून उभ्या रेघा बिघडतात. मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. दाबताना पडद्यावर भरगच्च मजकूर असू द्या, काळा रिकामा पडदा नको. त्याला ताडायला काहीतरी लागतं. पाच सेकंदांत काम होतं.

आणि तिसरी खूण: काळी अक्षरं स्वच्छ, पण लाल किंवा निळी अक्षरं कडेला माखल्यासारखी. हे टीव्हीचा मॉनिटर केलाय तिथे होतं. टीव्ही पुष्कळदा रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईनं दाखवतो, सिनेमात ते कळत नाही, अक्षरात कळतं. त्याबद्दल शेवटी.

आता पहिल्या खुणेकडे, कारण बहुतेक प्रकरणं तिथलीच. यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण इतकं साधं आहे की लोकांना ते सांगताना त्यांना राग येतो. लॅपटॉप 'डुप्लिकेट'वर असतो. म्हणजे लॅपटॉपवर जे, तेच मॉनिटरवर. दोन पडद्यांना एकच चित्र द्यायचं म्हणजे दोघांना झेपेल असं रेझोल्यूशन निवडावं लागतं. लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा असेल तर बिचारा फुल एचडी मॉनिटरही तेवढंच दाखवतो. विंडोजची खिडकीच्या चित्राची कळ दाबून धरा आणि पी दाबा. चार पर्याय येतात. 'एक्स्टेंड' निवडलं की दोन्ही पडदे वेगळे होतात आणि प्रत्येकाला त्याचं स्वतःचं रेझोल्यूशन देता येतं. लॅपटॉप मिटूनच ठेवायचा असेल तर 'सेकंड स्क्रीन ओन्ली'. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये जा, वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील, त्यात बाहेरच्या मॉनिटरचा चौकोन आधी निवडा आणि मगच रेझोल्यूशन बदला. चौकोन न निवडता लॅपटॉपचंच रेझोल्यूशन बदलत बसलेली माणसं आम्ही अर्धा-अर्धा तास पाहिली आहेत. यादीत ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तो घ्यायचा.

बरं, तो आकडाच यादीत नसेल तर? इथे खरी मजा आहे.

ही यादी संगणक मनानं बनवत नाही. मॉनिटर त्याला आपली ओळख सांगतो. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एका लहानशा चिपवर १२८ बाइटची एक नोंद असते. नव्या मॉनिटरमध्ये तिला पुरवण्याही जोडलेल्या असतात. तिला ईडीआयडी म्हणतात. बनवणाऱ्या कंपनीची खूण, कोणत्या वर्षी बनला, काच किती सेंटिमीटर रुंद नि किती उंच, कोणकोणती रेझोल्यूशन झेपतात आणि त्यातलं सर्वांत आवडतं कोणतं. थोडक्यात, लग्नाच्या स्थळाचा बायोडेटा. केबल जोडली की संगणक आधी हा बायोडेटा वाचतो आणि मग यादी मांडतो. ही पद्धत व्हेसा या संस्थेनं १९९४ मध्ये ठरवून दिली.

आता व्हीजीए बघा. ते आयबीएमनं १९८७ मध्ये आणलं, म्हणजे बायोडेटाच्या सात वर्षं आधी. पंधरा पिनांचं टोक, पाच-पाचच्या तीन ओळी. चित्र न्यायला तीन रंगांच्या आणि दोन तालांच्या तारा नि त्यांचे अर्थिंग एवढं पुरतं. बायोडेटा नंतर आला, तो १२ आणि १५ नंबरच्या पिनांवर बसवला. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये नेमक्या याच दोन तारा घातलेल्या नसतात. चित्र तर येतं! मग गिऱ्हाईकाला आणि दुकानदाराला दोघांनाही वाटतं केबल चांगली आहे. पण संगणकाला समोर कोण आहे हे कळलेलंच नसतं. अनोळखी पाहुण्याला जसं आपण सावधपणे चहावरच वाटेला लावतो, तसं तो १०२४ बाय ७६८ सारखं सर्वांना चालणारं काहीतरी पाठवून देतो. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं जातं, माणसं बुटकी दिसतात, गोल घड्याळ लंबगोल.

हे ओळखायचं कसं? डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मॉनिटर्स' उघडा. तिथे 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं लिहिलं असेल, तर ओळख पोहोचलेली नाही. नुसतं 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' असेल तर काळजी नाही, ओळख पटलीय, फक्त त्या मॉडेलचा वेगळा ड्रायव्हर नाही, आणि तो सहसा लागतही नाही. एका 'नॉन' शब्दाचा फरक आहे, नीट वाचा. एक भीती जाता जाता काढून टाकतो. व्हीजीएच्या टोकात मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते. ती तुटलेली नाही. बाकीची एखादी वाकली असेल तर बारीक चिमट्यानं सरळ करा, जोर लावू नका.

ओळख अडण्याच्या जागा आणखीही आहेत. दोन मॉनिटरांना एक सिग्नल वाटणारा स्प्लिटर, दोन संगणकांना एक कीबोर्ड देणारा स्विच, एचडीएमआयचं व्हीजीए करणारी छोटी डबी. ही डबी म्हणजे नुसती जोडणी नव्हे, आत चिप असते, ती डिजिटलचं अ‍ॅनालॉग करते. काही डब्या मॉनिटरचा बायोडेटा पुढे देतात, काही स्वतःचाच खपवतात. म्हणून १४४० बाय ९०० चा जुना मॉनिटर असला की संगणक भलतंच काहीतरी पाठवतो आणि पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी फिरते. आणि ही डबी एकाच दिशेनं चालते. सीपीयूला व्हीजीए आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर वेगळी डबी लागते. उलटी लावून चालत नाही.

उन्हाळ्यात एक वेगळाच प्रकार होतो. लाइट जाते, येते, सीपीयू इन्व्हर्टरवर आणि मॉनिटर नुसत्या बोर्डावर. कोण आधी जागं होतं त्याचा नेम नाही. ओळखपाळख चुकते आणि काल नीट असलेला मॉनिटर आज फुगलेला. सेटिंग काही बदलू नका. मॉनिटर आणि सीपीयू दोन्ही बंद करा, मॉनिटरची वीजही काढा, मिनिटभर थांबा, आधी मॉनिटर चालू करा आणि मग सीपीयू. बंदच करायचं नसेल तर विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा. पडदा क्षणभर काळा होऊन चित्राचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो.

ड्रायव्हरचं नाव निघालंच आहे. विंडोज नव्यानं टाकून आणल्यावर लगेच हा त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स' बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' असेल तर खरा ड्रायव्हर टाकलेलाच नाही. केबल कितीही बदला, काही होणार नाही. लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर घेऊन त्याच कंपनीच्या साइटवरून घ्या. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर देतो म्हणणाऱ्या जाहिरातीच्या साइटवरून घेऊ नका.

डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डच्याच पोर्टला लावा. मागे उभ्या पट्टीत एक एचडीएमआय असतं ते मदरबोर्डचं, खाली आडव्या पट्टीत असतं ते कार्डचं.

(श्रोत्यांतून प्रश्न: संगणक म्हणतो १९२० बाय १०८० आहे, तरीही धूसर. मग?)

छान प्रश्न. मग संगणकावर विश्वास ठेवू नका, मॉनिटरला विचारा. मॉनिटरच्या बटणांच्या मेनूत 'इन्फर्मेशन' किंवा 'इन्फो' असं पान असतं. आत्ता आपल्याकडे काय येतंय ते तो तिथे सांगतो, रेझोल्यूशन आणि हर्ट्झ. विंडोजच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्येही दोन ओळी असतात: डेस्कटॉपचं रेझोल्यूशन वेगळं आणि प्रत्यक्ष सिग्नलचं वेगळं. दोन्ही सारखे हवेत. डेस्कटॉप १३६६ आणि सिग्नल १९२० असेल तर ताणण्याचं काम मॉनिटर नाही, ग्राफिक्सच करतंय. सगळे आकडे जुळले, तरी धूसर, तर मॉनिटरच्या मेनूत 'शार्पनेस' कोणी कमीजास्त केलाय का बघा. तो मधल्या मूळ आकड्यावर आणा.

आणि एकच सॉफ्टवेअर धूसर, बाकी सगळं लख्ख, असं असेल तर मॉनिटरचा काही संबंध नाही. साडेपंधरा इंची फुल एचडी लॅपटॉपवर एका इंचात साधारण १४१ ठिपके असतात, चोवीस इंची मॉनिटरवर ९२. म्हणून विंडोज लॉपटॉपवर अक्षरं १२५ टक्के मोठी करतं, मॉनिटरवर १०० टक्के ठेवतं. जुनी सॉफ्टवेअरं, विशेषतः जुनी हिशेबाची आणि मराठी टायपिंगची, यांना हा बदल कळत नाही; खिडकी एका पडद्यावरून दुसरीकडे ओढली की ती चित्रासारखी ताणली जाते. त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. खालची खूण करा आणि 'अ‍ॅप्लिकेशन' निवडा. अक्षर कदाचित बारीक होईल, पण स्वच्छ होईल.

यावरून सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. दादांना किंवा आजोबांना अक्षर दिसत नाही म्हणून मुलगा काय करतो, रेझोल्यूशन खाली आणतो. १०२४ बाय ७६८. अक्षर मोठं झालं, सगळे खूश. पण ते मोठं आणि धूसर झालं, आणि धूसर अक्षर वाचताना डोळा पुन्हा पुन्हा ते जुळवायला बघतो. संध्याकाळी डोकं धरतं. रेझोल्यूशन मूळचंच ठेवा आणि त्याच पानावर 'स्केल' १२५ किंवा १५० करा. अक्षर तेवढंच मोठं दिसेल, पण आता एकेका अक्षराला जास्त ठिपके मिळतील. रफार रफारासारखा दिसेल. चष्मा बदलण्याच्या आधी हे करून बघा, फुकट आहे. निवृत्तीवेतनाचे कागद वाचणाऱ्या एका काकांना हे करून दिलं तेव्हा ते म्हणाले, अरे, हा अनुस्वार इथे होता होय!

एक सूचना. रेझोल्यूशन बदलताना पडदा काळा झाला तर कशालाही हात लावू नका. पंधरा सेकंदांत विंडोज स्वतःच मागच्यावर परत येतं. घाबरून एंटर दाबलं तर तुम्ही तोच बदल कायम केला असं होऊ शकतं.

(श्रोत्यांतून प्रश्न: फोर-के टीव्ही घेतलाय, त्यालाच लॅपटॉप जोडला तर चालेल का? आणि केबल कोणती घेऊ?)

चालतो, पण तीन गोष्टी बघा. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके, फुल एचडीच्या बरोबर चौपट. २००९ मध्ये आलेलं एचडीएमआय १.४ हे चित्र सेकंदाला ३० वेळाच नेऊ शकतं. ६० वेळा न्यायला २०१३ चं २.० लागतं. जुन्या लॅपटॉपला १.४ च असतं. चित्र येईल, पण माऊसचा बाण अडखळत चालेल. तिथे भारी केबल घेऊन उपयोग नाही, अडलंय पोर्टात. दुसरं, टीव्ही चित्राच्या कडा कापतो, खालची टास्कबार अर्धी दिसते. टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' असं काहीतरी असतं, ते चालू करा. तिसरं, ती लाल अक्षरांची खूण आठवा: टीव्हीत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव 'पीसी' करा. बऱ्याच टीव्हींत नाव बदललं की रंग पूर्ण बारकाईनं येतात आणि माऊसही चपळ होतो. नुसत्या नावानं काय होतं असं म्हणू नका, इथे होतं.

आणि लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर डबी घेण्याआधी त्या पोर्टातून चित्र बाहेर येतं का ते मॉडेल नंबरवरून बघून घ्या. सगळ्या टाइप-सी पोर्टांतून येत नाही; काही फक्त चार्जिंग आणि फायलींपुरते असतात. केबल दीड-दोन मीटरचीच घ्या. हॉलच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत नेण्यासाठी दहा मीटरची घ्याल तर फोर-के मध्येच तुटेल, पडदा ठिणग्या पडल्यासारखा चमकेल. तेवढं लांब न्यायचंच असेल तर १९२० बाय १०८० वर ठेवा. फोर-के टीव्हीवर तो हिशेब बरोबर दोनाच्या पटीत बसतो, एक ठिपका चार ठिपक्यांवर, त्यामुळे १.४ वाला गोंधळ होत नाही.